बूटलोडर बोलतो तोवर

वऱ्हाडात राउटर बंद पडण्याचा हंगाम असतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या दुकानांत भिंतीला टांगलेल्या राउटरांचे अडॅप्टर आतून सुकत जातात. त्याला लागूनच मृगाआधीची वादळं येतात. लाइट जाते, येते, पुन्हा जाते. मग माझ्या टेबलावर मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावतीकडून पेट्या येऊ लागतात आणि सोबतचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "भाऊ, दिवे लागतात पन सुरू होत नाही. टाकून देऊ काय?"

"नका टाकू काकाजी. पाहू द्या आधी."

आधी पाहायचा तो अडॅप्टर. नुसत्या अडॅप्टरला मल्टीमीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. राउटर जोडून मोजायला हवं. कॅपॅसिटर थकला असेल तर भार पडताच व्होल्टेज घसरतं, बोर्ड अर्ध्यावर येऊन पुन्हा सुरू होतो आणि दिवे एकसारखे उघडमीट करत राहतात. मेलेले म्हणून आलेले बरेच राउटर इथेच उठतात.

उरलेल्यांचं दुखणं फ्लॅश मेमरीत असतं. या मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. सहसा ६४ केबीचा एक ब्लॉक पूर्ण पुसायचा, मग त्यात लिहायचं. फर्मवेअर अपडेट चालू असताना ब्लॉक पुसला गेला, लिहायचा राहिला आणि तेवढ्यात लाइट गेली, तर कर्नल तुटका राहतो. पण चिपच्या सुरुवातीला बसलेल्या बूटलोडरला अपडेट सहसा हात लावत नाही. वर सगळं पडलेलं असलं तरी तो जागा असतो. मग त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो.

झाकण काढलं की बोर्डाच्या कडेला बऱ्याचदा चार भोकं एका रांगेत दिसतात. अडॅप्टरच्या ऋण टोकाशी बीप देतं ते ग्राउंड. एका भोकावर ३.३ व्होल्ट स्थिर असतात, तिथे काही जोडायचं नाही. पॉवर दिल्यावर पहिल्या काही सेकंदांत ज्याचा आकडा थरथरतो, त्या भोकातून बोर्ड बोलत असतो. यूएसबीची छोटी सीरियल पट्टी लावायची, तीही ३.३ व्होल्टचीच, वेग ११५२०० ठेवायचा आणि सुरुवातीला फक्त ग्राउंड आणि ही एक तार जोडायची. आपण काहीच पाठवायचं नाही. काळ्या पडद्यावर ओळी उतरतात : यू-बूटची आवृत्ती, रॅम किती, फ्लॅश किती, आणि मग 'बॅड डेटा सीआरसी'. ही ओळ पाहून शेजारचा माणूस हिरमुसतो, मला मात्र हायसं वाटतं. प्रोसेसर शाबूत आहे, रॅम शाबूत आहे आणि नेमकं काय बिघडलंय ते बोर्ड स्वतःच सांगतोय.

इथे घाई करणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. इंटरनेटवरून फाइल उतरवायची, पुसण्याची कमांड ठोकायची आणि मोकळं व्हायचं. पण ४ एमबीच्या कितीतरी जुन्या ॲथेरॉस राउटरांत पहिले १२८ केबी बूटलोडरचे आणि शेवटचे ६४ केबी रेडिओच्या कॅलिब्रेशनचे असतात. हे आकडे कारखान्यात त्या एका बोर्डावर मोजून लिहिलेले असतात. फर्मवेअर कुठूनही पुन्हा मिळतं, हे ६४ केबी मिळत नाहीत. दुसऱ्या राउटरचे भरले तर वायफाय अशक्त होतं. म्हणून आधी पूर्ण चिप वाचून ठेवायची, नंतरच लिहायचं. लेबलवरचा हार्डवेअर व्हर्जनही पाहायचा, कारण मॉडेलचं नाव तेच असून आतली चिप वेगळी निघते.

मग दुसरी तार जोडून बूटलोडरला थांबवायचं. टीपी-लिंकच्या काही जुन्या मॉडेलांत त्यासाठी सेकंदभरात 'टीपीएल' टाइप करावं लागतं. लॅपटॉपला ठरावीक पत्ता द्यायचा, टीएफटीपीने फाइल रॅममध्ये घ्यायची आणि पुसण्याच्या कमांडमधला पत्ता अंकाअंकाने वाचून मगच एंटर दाबायचा. हे काम मी बॅटरीवरच करतो. आमच्याकडच्या लाइटीचा भरवसा नाही.

बूटलोडरच गेला असेल तर आठ पायांच्या चिपला चिमटा लावून सीएच३४१ए प्रोग्रॅमरने वाचावं लागतं. या स्वस्त प्रोग्रॅमरांपैकी काही डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतात आणि चिप ३.३ ची असते, तेव्हा ते आधी तपासलेलं बरं. दोनदा वाचायचं आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच पुढे जायचं.

हे सगळं शक्य झालं ते दार कुणीतरी उघडल्यामुळे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं. परवान्याप्रमाणे २००३ मध्ये कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला आणि पुढच्या वर्षी त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आता येणाऱ्या फायबरच्या कितीतरी पेट्यांत सीरियलला पासवर्ड असतो, किंवा बूटलोडर सही नसलेली फाइल घेतच नाही. सुरक्षेची गरज मला कळते. पण गावातल्या सेवा केंद्राची पेटी बंद पडली की सातबारा काढायला आलेला माणूस परत जातो, आणि ती पेटी मालकाच्या संमतीने उघडण्याचा एक अधिकृत मार्ग कंपनीने ठेवायलाच हवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सही आहेत. बूटलोडरच्या कुलपाचा विचारही त्याच हक्कात व्हायला हवा.

तोवर पेटी परत देताना मी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्यायला सांगतो आणि वाचून ठेवलेली चिपची फाइल पेनड्राइव्हवर सोबत देतो. "अन् काकाजी, अपडेट करसान त सकाळच्या पारी करजा. आभाळ आलं असन त हातच नका लावजा."