पंच्याहत्तर मिनिटं

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत ६० शॉट्सना ७५ मिनिटं मिळतात. हात स्थिर वाटला नाही, तर नेमबाज पिस्तूल खाली घेतो, श्वास सावरतो, पुन्हा उचलतो. हेच मी शिकवत आलो. इथे ज्याचा नेम पक्का, तो वेळ आली तर स्वतःला वाचवील, असं मला मनापासून वाटायचं. आता वाटत नाही.

हे मत बदललं ते मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यामुळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर रेल्वे सुरक्षा दलाच्या जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याकडची .३०३ रायफल घेऊन हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. समोर एके-४७ आणि यांच्या हातात दर गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणारी रायफल. शेवटी त्यांनी खुर्चीही फेकली! पुढे या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीच्या अहवालात वाचलं, की दारूगोळ्याच्या टंचाईमुळे पोलिसांचा गोळीबाराचा सरावच होत नव्हता. माझा संताप झाला. ज्यांना आपण पुढे उभं करतो, त्यांना सरावापुरत्या गोळ्याही नाहीत?

आणि सराव असला, तरी भीतीत हात चालेल का, हाही प्रश्न पडला. तेव्हापासून मी नेमापेक्षा शरीराकडे पाहू लागलो. जिवावर बेतलं की छाती धडधडते, बोटं जड होतात, नजर एकाच गोष्टीवर खिळते, शेजारचा आवाजही कानात शिरत नाही. मॅगझिन बदलणं, सेफ्टी काढणं, ही रेंजवरची साधी कामं तेव्हा अडतात. जे हाताला इतकं सवयीचं झालंय की विचार करावा लागत नाही, तेवढंच उरतं.

म्हणून आता रिकाम्या पिस्तुलावर मी वेगळा सराव करून घेतो. जिने धावत चढून आल्यावर मॅगझिन बदला. डाव्या हाताने बदला. मी ओरडत असताना आडोसा शोधा. आणि पुठ्ठ्याच्या आकृत्यांत कुणाच्या हातात मोबाइल आहे ते ओळखून बोट ट्रिगरबाहेरच ठेवा. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. खासगी बचावाचा हक्क कायद्याने दिलाय, पण गरजेपुरताच, आणि ती गरज क्षणात ठरवायची असते.

‘सर, लायसन्स मिळालंय, रिव्हॉल्व्हर कोणतं घेऊ?’ असं कुणी विचारलं, की पूर्वी मी मॉडेल सुचवायचो. आता विचारतो, दर आठवड्याला सरावाला येणार का? नाही म्हणाला, तर दाराला भक्कम कडी बसवून घ्या, म्हणतो.