ढिगात हात घालणारी माणसे

पाचगणीत आम्ही मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यांतली काही पुढे पुण्यात शिकून हिंजवडीत नोकरीला लागतात. ईदला भेटायला आली की आम्ही विचारतो, ‘बेटा, काम काय असते?’ बरीचशी म्हणतात, ‘टेस्टिंग.’ घरातल्या बुजुर्गांना वाटते, प्रयोगशाळेतले काही असावे.

टेस्टिंग म्हणजे पारख. मराठीत पारख, उर्दूत परखना. शब्द एकाच घरातले. एकाने बनवलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याने उलटसुलट चालवून त्यातले दोष शोधायचे. केवळ हेच काम करणाऱ्या कंपन्याही आहेत. नवी मुंबईची क्वालिटीकिऑस्क त्यांतली एक. बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या यंत्रणा ती तपासते.

अशा कंपनीच्या वरिष्ठ मंडळींचे काम अवघड असते. ज्या ग्राहकाकडून पैसे घ्यायचे, त्यालाच ‘तुमच्या मालात खोट आहे’ असे सांगायचे. विक्री सांभाळणाऱ्याला पुढचे कंत्राट हवे असते, काम पोहोचवणाऱ्याला तारीख गाठायची असते आणि तपासणीच्या प्रमुखाच्या हातात दोषांची यादी असते. तिघे एकत्र बसतात तेव्हा कोणाचे ऐकले जाते, यावर कंपनीची खरी किंमत ठरते.

आमच्या एका विद्यार्थिनीला काम संपवण्याच्या आदल्या रात्री एक दोष सापडला. पैसे पाठवताना नेट तुटले, तर खात्यातून रक्कम दोनदा वजा होत होती. ‘किरकोळ म्हणून नोंदव,’ असे विक्रीवाल्या साहेबांनी सुचवले. तिच्या तपासणी-प्रमुख बाई म्हणाल्या, ‘आहे तसे लिही. ग्राहकाशी मी बोलते.’ त्या मुलीला नेतृत्व म्हणजे काय ते एवढ्या दोन वाक्यांत कळले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे आपण (स.) विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधली ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्याकडे स्ट्रॉबेरीची पेटी घेणारा जाणकारही वरचा थर उचलून खालचा पाहतो.

ओल झाकली तर काय होते, ते ब्रिटनच्या पोस्ट खात्यात दिसले. तिथे १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणक यंत्रणा आली. तिच्यातल्या दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू लागली. वरिष्ठांनी यंत्रणा बरोबर आणि माणसे चोर ठरवली. नऊशेहून अधिक पोस्टचालकांना शिक्षा झाल्या. सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावे लागले; २०२१ मध्ये त्या निर्दोष ठरल्या. यंत्रणा चुकते आहे, हे पोस्टचालक वर्षानुवर्षे सांगत होते. वरच्या खुर्चीतल्यांनी ते ऐकले नाही.

आमच्याच गावात राजमोहन गांधी यांनी उभारलेले एशिया प्लॅटो हे केंद्र आहे. कंपन्यांचे अधिकारी तिथे नेतृत्वाच्या शिबिरांना येतात, काही वेळ मौन धरून अंतर्मनाचा आवाज ऐकतात. चांगलीच गोष्ट. त्यांनी परत गेल्यावर कार्यालयातल्या सर्वांत कनिष्ठ मुलीचा आवाजही तसाच ऐकावा, एवढी आमची अपेक्षा.

आणि आपण आई-वडिलांनीही मुलाला नोकरी लागली की पॅकेजबरोबर एक प्रश्न विचारावा: ‘तुझ्या कंपनीत खरे सांगणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहते?’ रोजी हलाल असणे म्हणजे हेही असते. मात्र हा प्रश्न विचारण्याआधी आपल्या दस्तरखानावर धाकट्यांना मोठ्यांची चूक अदबीने सांगता येते का, हेही पाहावे. घरात ज्याला बोलू दिले, तोच उद्या कचेरीत बोलेल.