पोरीच्या हेडफोनला मर्यादा, मग डीजेला का नाही?

मंडळी, सध्या आमच्या घरी एकच चर्चा. पोरगी पाचवीत आहे, नवोदयची तयारी मोबाईलवरच्या व्हिडिओंवर चालते. तिला हेडफोन पाहिजे. दुकानदार म्हणतो, "लहान मुलांचा घ्या भाऊ, याचा आवाज ८५ डेसिबलच्या वर जातच नाही." किंमत मात्र साध्यापेक्षा दुप्पट. घ्यावा का?

८५ हा आकडा मुळात कामगारांसाठीचा. कारखान्यात आठ तासांच्या पाळीत मोठ्या माणसाला किती आवाज चालेल, त्याची ती मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी सांगते ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऐकायचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशोबाने ८५ वर आठवड्याला जेमतेम ४ तास, म्हणजे रोज अर्धा तास. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

त्यात आपलं बिरसी! इंग्रजांच्या काळातली धावपट्टी, आता वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमानं डोक्यावर घिरट्या घालतात. विमान आलं की पोरगी आवाज वाढवते, गेल्यावर कमी करायचं विसरते. त्यामुळे कान पूर्ण झाकणारा हेडफोन बरा. बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही.

पण खरा प्रश्न पुढे आहे. हेडफोनला मर्यादा घालीन, दारावरून जाणाऱ्या वरातीच्या डीजेला कोण घालणार? खिडकीची तावदानं थरथरतात, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून बसतात. नियम २००० सालापासून आहे. वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणांसाठी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, तेवढीच. २३ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात सरकारला सांगितलं, की आवाज आपोआप मर्यादेत ठेवणारी यंत्रणा लाऊडस्पीकरमध्येच बसवायला लावण्याचा विचार करा. म्हणजे पोरीच्या हेडफोनमध्ये जे आहे, तेच.

डीजेवाला पोरगा आपलाच आहे, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे हे मान्य. पण रात्र-रात्र त्या बॉक्सजवळ तोच उभा असतो. सगळ्यात आधी कान त्याचेच जाणार.

तर हेडफोन मी घेतोय. त्यासोबत घरचा नियम: आवाज निम्म्यावर, अर्ध्या तासाने कान मोकळे. आणि पुढच्या ग्रामसभेत विषय मांडतोय, की वरातीचा डीजे ठरवतानाच आवाज आणि वेळ लिहून घ्यायची. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे, त्यांनी ग्रामसभेची वाट पाहू नये. सुरुवात त्यांच्याच मांडवातून होऊ द्या.