अम्मीचं ‘नाही’

मागच्या पावसाळ्यात अम्मीचा ताप उतरेना, म्हणून तिला दिग्रसहून यवतमाळच्या एका दवाखान्यात भरती केलं. हाताला सलाईन लावलेलं. रात्री सिस्टर येऊन विचारायच्या, “आजी, दुखतंय का?” अम्मी म्हणायची, “नाही बेटा.” मीही निर्धास्त झोपलो.

पहाटे फजरसाठी ती तयम्मुम करायला गेली, तर तिची बोटंच मिटेनात. चादर बाजूला केली. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजलेला, थंडगार, कातडी ताणलेली. सलाईन शिरेत न जाता बाहेर मांसात उतरत होतं. सिस्टरनी लगेच ते बंद केलं, सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला.

मग त्यांनी समजावलं. जागा सुजून थंड आणि फिकट पडली, तर पाणी शिरेबाहेर जातंय. लाल, गरम झाली आणि शीर दोरीसारखी कडक लागली, तर शिरेलाच सूज आलीय. दोन्ही वेळा सलाईन थांबवून जागा बदलावी लागते. काही औषधं बाहेर गळली तर आतलं मांसही जळतं. नातेवाइकांनी चोळू नये, सलाईनचा वेग बदलू नये, लगेच हाक मारावी.

“शून्य ते दहात किती दुखतं?” हा त्यांचा प्रश्न अम्मीला कळला नाही. मी विचारलं, “अम्मी, थोडा है, जास्ती है, के सहन नहीं होता?”

“रात से जल रहा था. पर उस बच्ची को कितनी बार उठाना?”

मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सने १९६८ साली मांडलं होतं की, रुग्ण जे सांगतो तेच त्याचं दुखणं मानावं. पण जी सांगतच नाही, तिचं काय? तिला तिच्या बोलीत विचारावं लागतं, आणि हातही पाहावा लागतो.

वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की सगळी मुलं ‘हो’ म्हणतात. त्या ‘हो’वर विसंबू नये, हे मी बी.एड.ला शिकलो. अम्मीच्या ‘नाही’वर मात्र रात्रभर विसंबलो.

अम्मीला वाटतं, गप्प राहणं म्हणजे सब्र. मी तिला हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांची आठवण दिली. सब्राची मिसाल त्यांचीच देतात, आणि आपली तकलीफ त्यांनीही अल्लाहपुढे बोलून दाखवली होती.

अम्मी हसली. म्हणाली, “अल्लाह को तो बोली थी मैं. तू सो रहा था.”