वंचकाच्या पायाशी दोन डोळे

परवा वंचकाचे जुने फोटो चाळत होतो. माजलगाव धरणाचं पाणी ओसरलं की कडेचा गाळ उघडा पडतो, तिथे तो एका सकाळी उभा होता. मातकट, मान आखडलेला, ढेकळांतलं एक ढेकूळ. उडाला की हाच पक्षी एकदम पांढराशुभ्र होतो आणि मला तेवढाच क्षण हवा होता. म्हणून चिखलात पालथं पडून मी पाठोपाठ तीन फोटो घेतले होते. आता ते मोठे करून बघितले, तर पहिल्या फोटोत त्याच्या पायाशी, शेवाळात, दोन डोळे दिसले. दुसऱ्यातही आहेत. तिसऱ्यात नाहीत.

बेडूक वेळेवर बुडी मारून वाचला की गिळला गेला, ते कळत नाही. मी वीस पावलांवर होतो आणि भिंग लावून बघत होतो. दिसला फक्त पक्षी.

जायकवाडीला पट्टकादंब उतरल्याची बातमी लागली की गाड्या निघतात. बेडकासाठी कोणी पहाटे उठत नाही. शिवाय तो भेटतो रात्री, पावसात, जेव्हा कॅमेरा पिशवीत बांधून घरी बसावं असं शहाणी माणसं सांगतात.

सलीम अलींनी 1931च्या सुमाराला निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा हा सगळा मराठवाडा त्याच राज्यात होता. त्या काळची रीत बंदुकीची. पक्षी पाडायचा, कातडं पेंढा भरून ठेवायचं, मोजमापं लिहायची. कॅमेऱ्याने ती गरज बरीच कमी केली, हे त्याचं मोठं पुण्य आहे. पण मोबाइलवर नराची शीळ वाजवून पक्ष्याला पुढ्यात नाचवणं मला पटत नाही. फोटोसाठी बेडूक उचलून सोयीच्या दगडावर बसवणं तर मुळीच नाही. तो कातडीनेही श्वास घेतो, आणि आपल्या तळहाताला डासांचं मलम असतं.

एक रात्र मात्र अजून अंगावर आहे. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला होता. मंजरथच्या रस्त्याला, जिथून सिंदफणा-गोदेचा संगम फार लांब नाही, सरकी लावायला तयार केलेल्या एका रानाच्या कडेला डबकं साचलं होतं. लांबूनच आवाज येत होता. मी बॅटरी लावून धावलो, तर आवाज बंद. पाण्यात पिवळे गोळे तरंगत होते. पिकल्या लिंबाचा पिवळा. एरवी शेवाळी दिसणारा हा मोठा बैल बेडूक विणीच्या त्या थोड्या काळापुरता असा रंगतो, तोही फक्त नर. मी गुडघाभर चिखलात थांबलो, एकही ओरडेना.

बांधावरून कोणीतरी विचारलं, "काय हुडकायलात?"

"बेडकाचा फोटो काढायलोय, मामा."

"मग ती बॅटरी बंद करा की. डोळे दिपलेत त्यांचे."

त्यांनी आपलीही विझवली आणि बांधावर बसले. अंधारात ते हळू आवाजात सांगत राहिले: लहानपणी पाऊस लांबला की त्यांना धोंडी करायचे. अंगाला लिंबाचा पाला, दारोदार फिरायचं, बाया डोक्यावर तांब्याने पाणी ओतायच्या. सोबत एक बेडूक बांधलेला असायचा. "संध्याकाळी त्याला हिरीत सोडायचो. एका साली हिरीतच पाणी नव्हतं. मग रांजणात ठिवला." हे बोलणं चालू असतानाच एकाने सुरुवात केली. मग दुसऱ्याने. मग सगळं डबकंच ओरडू लागलं, मामांचं पुढचं वाक्य मला ऐकूच आलं नाही.

मी बॅटरीवर रुमाल गुंडाळला, उजेड बाजूला वळवला. नराच्या गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगत होत्या, बसत होत्या. फोटो मिळाले. आवाज त्यात नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. इकडच्या बहुतेक मोठ्या धरणांत तेव्हा मृतसाठाच उरला होता. तेवढे महिने हे बेडूक कुठल्या भेगेत, किती खोल दबून होते, याचा मी अनेकदा विचार करतो. माजलगावचं धरण 1987चं. बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात आपल्या देशाने बंद केली, तेही 1987 सालीच. पिकावरचे किडे खाणारा जीव आपण पोत्यांनी विकत होतो. ती बंदी फार उशिरा आली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्यांना भीती आहे ती रस्त्याची. डबक्याकडे निघालेले बेडूक ओल्या डांबरावर बसून राहतात, दिव्याच्या झोतात हलत नाहीत. यंदा पहिल्या पावसाच्या रात्री शेतशिवारातून जाणार असाल, तर गाडी हळू चालवा. रस्त्यावर दिसलेलं प्रत्येक ढेकूळ ढेकूळ नसतं.