दऱ्यांचा दर्या

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक शब्दकार्ड आहे. मोलगीच्या एका शाळेत दुसरीच्या मुलांसाठी ते छापलं होतं. वर डोंगराचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ओळ : ‘सातपुड्याच्या दर्या’. म्हणायचं होतं दऱ्या. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून जिथं पोचावं लागतं, त्या गावातल्या मुलांच्या हाती समुद्र पडला होता. टाइप करणाऱ्या मॅडमची त्यात चूक नव्हती, फाँटचीही नव्हती. चूक होती मी लिहिलेल्या एका छोट्या लायब्ररीत. ती दुरुस्त करताना मी त्याहून मोठी चूक केली, आणि माझ्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला त्या दुसऱ्या चुकीनं शिकवली.

माझे वडील मोलगीत शिक्षक होते. भगरीची पोती, उन्हाळ्यात अंगणभर वाळत घातलेला आमचूर आणि होळीच्या दिवसांत काठी गावाकडे निघालेले ढोल यांच्यात माझं बालपण गेलं. पुढे पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आलो. तिथं मी अनेक वर्षं एकच काम करतो आहे : इतरांच्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे कोडचे तयार सामायिक तुकडे, बांधणं आणि जोडणं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, कंपायलर चालवायचा, सुटे तुकडे लिंक करायचे आणि तयार झालेली वस्तू जागच्या जागी बसवायची. हे काम कुणाला दिसत नाही. ते बिघडलं की मात्र सगळ्यांना दिसतं.

आधी त्या ‘दर्या’विषयी. मराठीत ‘र’ला ‘य’ जोडण्याच्या दोन रीती आहेत. ‘सूर्य’मध्ये र रफार होऊन डोक्यावर जातो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांत तो छोटी आडवी रेघ होऊन ‘य’ला डावीकडून चिकटतो. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही. मराठीत त्यानं अर्थ बदलतो. युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे लिहिता येतं. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त येतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. मॅडमच्या कीबोर्डावरून दुसरा प्रकार येत होता. माझी लायब्ररी शब्दांची अक्षरं पाडताना ते अदृश्य चिन्ह कचरा समजून टाकून देत होती. चिन्ह गेलं की र डोक्यावर चढतो, आणि दऱ्यांचा दर्या होतो.

शाळेतल्या कॉम्प्युटरवर या लायब्ररीवर चालणारे तीन प्रोग्रॅम होते : शब्दकार्डं छापणारा, टायपिंग शिकवणारा, आणि शिक्षकांनी जमवलेल्या भिली-पावरी शब्दांचा संग्रह दाखवणारा. तिघांनाही शब्दाची अक्षरं पाडून हवी होती. ते काम तीनदा लिहिण्याऐवजी मी एकदाच लिहिलं आणि शेअर्ड लायब्ररी केली.

शेअर्ड म्हणजे काय, हे इथं सांगायला हवं. प्रोग्रॅमला लागणारं सामायिक काम त्याच्यात दोन प्रकारे आणता येतं. पहिला प्रकार स्टॅटिक : लिंक करतानाच त्या कामाची प्रत प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात घालायची. प्रत्येक घरात आपापलं जातं असावं, तसं. दुसरा प्रकार शेअर्ड : काम एका वेगळ्या फायलीत ठेवायचं, प्रोग्रॅममध्ये फक्त तिचं नाव लिहायचं, आणि प्रोग्रॅम सुरू होताना लोडर नावाच्या घटकानं ती फाइल शोधून जोडून द्यायची. गावाची एक गिरणी आणि दळण घेऊन येणारी सगळी घरं. मेमरी वाचते, डिस्क वाचते. मोलगीसारख्या ठिकाणी त्याहून मोलाची गोष्ट वाचते, ती म्हणजे नेट. तीन प्रोग्रॅम नव्यानं पाठवण्याऐवजी एक छोटी फाइल पाठवली की तिन्ही सुधारतात.

ही सोय सहज मिळालेली नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या वर्षांत प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला मेमरीतला ठराविक पत्ता आधीच राखून ठेवावा लागे, गावठाणातला प्लॉट नावावर करून घ्यावा तसा. दोन लायब्रऱ्यांनी एकच पत्ता धरला की भांडण. १९९५च्या सुमारास ईएलएफ हा फायलींचा नवा साचा लिनक्समध्ये रुळला आणि हा प्रश्न सुटला. आता लायब्ररीतला कोड कुठेही ठेवला तरी चालतो, कारण तो पक्का पत्ता सांगत नाही. ‘मी उभा आहे तिथून इतक्या पावलांवर’ असं सांगतो. आमच्याकडच्या पाड्यांमध्ये घरं टेकड्यांवर विखुरलेली असतात. घर नंबर विचारून काही उपयोग नसतो. त्या मोहाच्या झाडापासून खाली उतरा, नाल्यापलीकडचं दुसरं घर, असाच पत्ता मिळतो, आणि माणूस बरोबर पोचतो. शेअर्ड लायब्ररीसाठी कंपायलरला द्यायच्या सूचनेत हेच असतं.

पण युनिक्सच्या घराण्यातल्या प्रत्येक सिस्टिमची लायब्ररी बांधण्याची रीत निराळी होती. सोलॅरिसवर एक सूचना, एचपी-यूएक्सवर दुसरी, एआयएक्सवर तिसरीच. फायलीचं शेपूटसुद्धा वेगळं : लिनक्सवर ‘एसओ’, मॅकवर ‘डायलिब’. एकच लायब्ररी सगळीकडे बांधायची तर प्रत्येक ठिकाणची रीत पाठ हवी. गॉर्डन मॅट्झिगकाइट यांनी १९९०च्या दशकात लिबटूल आणली ती या त्रासापोटी. लिबटूल ही खरं तर शेलची एक लांबलचक स्क्रिप्ट आहे. तिला सांगायचं, हे कंपाइल कर, हे लिंक कर, हे इन्स्टॉल कर. त्या मशीनची रीत ती स्वतः पाहून घेते. बांधणी चालू असताना खरी लायब्ररी ती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवते आणि बाहेर एक साधी मजकुराची फाइल ठेवते, जिच्यात लायब्ररीचं नाव, तिची अवलंबनं आणि ती कुठे बसणार हे लिहिलेलं असतं. नव्या माणसाला मी ती फाइल उघडून वाचायला लावतो. लायब्ररी स्वतःविषयी काय सांगते, हे तिथं डोळ्यांनी वाचता येतं.

आता माझी दुसरी चूक. लायब्ररी प्रत्येक अक्षरासाठी प्रोग्रॅमच्या हातात एक चिठ्ठी देत असे. चिठ्ठीत दोन रकाने होते : अक्षर कुठे सुरू होतं आणि त्यात किती चिन्हं आहेत. ‘दऱ्या’ नीट ओळखायचं तर अक्षराचा प्रकारही सांगावा लागणार होता. मी तिसरा रकाना घातला, आणि वाचायला बरा दिसतो म्हणून मधे घातला. पुण्यात सगळं नव्यानं बांधलं, तिन्ही प्रोग्रॅम चालवून पाहिले. दऱ्या दऱ्याच राहिल्या. मग नेहमीप्रमाणे फक्त लायब्ररीची फाइल मोलगीला पाठवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. “भाऊ, काल नुसत्या दऱ्या चुकत होत्या. आज सगळेच शब्द तुटले.” त्यांनी पाठवलेल्या फोटोत ‘कोंबडा’चं ‘कबड’ झालं होतं आणि ‘होळी’चं ‘हळ’. मात्रा, अनुस्वार, सगळं गळून गेलं होतं.

मोलगीतले प्रोग्रॅम जुने होते. चिठ्ठीच्या दुसऱ्या रकान्यात चिन्हांची संख्या असते, हे ते बांधले गेले त्या दिवशीच त्यांच्यात पक्कं झालं होतं. आता त्या रकान्यात अक्षराचा प्रकार होता, आणि साध्या अक्षराच्या प्रकाराला मी १ हा आकडा दिला होता. प्रोग्रॅमनं प्रत्येक अक्षरातलं एकच चिन्ह उचललं आणि बाकीचं सोडलं. कुठेही एररचा संदेश आला नाही, काही बंद पडलं नाही. दोन्ही बाजू आपापल्या समजुतीनं बरोबर वागत होत्या.

पुण्यात हे का दिसलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या मशीनवर लायब्ररी आणि प्रोग्रॅम दोन्ही मीच, एकाच दिवशी बांधले होते. जो सगळं स्वतः एकदम बांधतो, त्याला लायब्ररी आणि प्रोग्रॅम यांच्यातला मोडलेला करार कधीच दिसत नाही. तो दिसतो दूरच्या माणसाला, ज्याच्याकडे निम्मं जुनं आणि निम्मं नवं असतं. जगातली बहुतेक माणसं त्या दूरच्या माणसासारखीच असतात.

हा करार लिहिण्याची जागा लिबटूलमध्ये आहे. लिंक करताना लिबटूल तीन आकडे मागते. पहिला ‘करंट’ : लायब्ररी आज कितव्या क्रमांकाचा करार पाळते. दुसरा ‘रिव्हिजन’ : तोच करार ठेवून आत कितव्यांदा दुरुस्ती केली. तिसरा ‘एज’, म्हणजे वय : आजच्या आधीचे किती करार ती अजून निभावते. नियम थोडे आहेत. नुसती आतली दुरुस्ती असेल तर रिव्हिजन एकानं वाढवा. बाहेरच्यांना दिसणारं काहीही बदललं तर करंट वाढवा आणि रिव्हिजन शून्यावर आणा. त्यात फक्त भर घातली असेल तर वयही एकानं वाढवा. जुनं काही काढलं किंवा बदललं असेल तर वय शून्य करा. लिनक्सवर करंटमधून वय वजा केलं की जो आकडा उरतो, तो लायब्ररीच्या नावाला लागतो, आणि तेच नाव प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात कोरलं जातं. तो आकडा बदलला तर जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीला हात लावत नाही, जुनीच शोधतो. दोन्ही शेजारी सुखानं राहू शकतात.

माझी लायब्ररी २:०:० वर होती. मी करार मोडला होता आणि आकडे लिहिले होते २:१:०. म्हणजे ‘आतली किरकोळ दुरुस्ती आहे, खुशाल वापरा’ असं लिहून दिलं होतं. मोलगीतल्या प्रोग्रॅमनी माझ्यावर विश्वास ठेवला.

दुरुस्ती एका संध्याकाळची होती. नवा रकाना मधून काढून शेवटी नेला. चिठ्ठी लायब्ररीच तयार करून देत होती, म्हणून ती लांब झाली तरी जुन्या प्रोग्रॅमना त्याची झळ नव्हती. पहिले दोन रकाने जुन्या जागी, तिसरा ज्याला हवा त्यानं वाचावा. आकडे झाले ३:०:१. तीनातून एक गेला, उरले दोन. नाव तेच राहिलं. पुन्हा एकच फाइल पाठवली. कोंबडा परत आला, होळी परत आली, आणि दऱ्या दऱ्या झाल्या.

हे मोठ्या प्रमाणावर कसं निभावतात, ते मी हार्फबझकडून शिकलो. अक्षरांची जोडणी करून पडद्यावर कुठलं रूप काढायचं हे ठरवणारी ही लायब्ररी आहे. बेहदाद एस्फाहबोद यांनी तिचं नाव फारसी शब्दांवरून ठेवलं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळीकडे ती आहे. तुम्ही फोनवर मराठी वाचता तेव्हा बहुधा तिनंच रफार डोक्यावर चढवलेला असतो. तिच्या महत्त्वाच्या रचना बाहेरच्यांना आतून दिसतच नाहीत, फक्त हाताळता येतात. त्यामुळे आतले रकाने हलले तरी कुणाचं काही बिघडत नाही. कितीतरी वर्षं ती लिबटूलनं बांधली जात होती, पुढे मेसन हे दुसरं अवजार आलं. लिनक्सवर तिच्या नावाच्या शेवटचा आकडा सुरुवातीला शून्य होता. तो अजून शून्यच आहे. लिनक्सची मूळ सी लायब्ररी १९९७ साली नावाच्या शेवटी ६ घेऊन आली. तिचाही आकडा अजून ६च आहे. आत किती घडामोडी झाल्या असतील! बाहेरच्या माणसाला दिलेला शब्द मात्र बदलला नाही.

आजकाल अनेकजण म्हणतात, हा सगळा व्याप कशाला, सगळं स्टॅटिक करून प्रत्येकाला एकच गठ्ठा द्या. त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. गठ्ठा कुठेही चालतो आणि ‘माझ्याकडे ती लायब्ररी नाही’ ही तक्रार संपते. पण एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा जिथं ती लायब्ररी शेअर्ड होती तिथं एक फाइल बदलून आणि सेवा पुन्हा सुरू करून छिद्र बुजलं. जिथं ती प्रोग्रॅमच्या पोटात होती, तिथं आधी असे प्रोग्रॅम शोधा, मग प्रत्येक नव्यानं बांधा.

सामायिक गोष्टीला सामायिक धोकाही असतो. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं जाहीर केलं की एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली आहे. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेनं तो खोलात गेला होता. ज्या लॉगिन सेवेवर डोळा होता, ती मूळची ही लायब्ररी वापरतच नाही. काही लिनक्स वितरणांनी तिला दुसरी एक लायब्ररी जोडली होती आणि त्या लायब्ररीला ही लागत होती. चोरवाट आत येण्याची सुरुवातही बांधणीच्या स्क्रिप्टमधून झाली होती, जिथं सहसा कुणी पाहत नाही. तेव्हापासून मी बांधणीच्या फायली मूळ कोडइतक्याच बारकाईनं वाचतो. गिरणी सगळ्यांची असेल तर तिचं जातं कोण टाकवतो, हे पाहणंही सगळ्यांचं काम आहे.

गेल्या दिवाळीत मोलगीला गेलो तेव्हा शाळेतल्या मोठ्या मुलांना मी एक छोटी लायब्ररी बांधून दाखवली. दोन आज्ञा कंपाइलच्या, एक लिंकची. मग एका प्रोग्रॅमला कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते छापणारी आज्ञा दिली. पडद्यावर ओळींमागून ओळी उतरल्या. प्रत्येक ओळीमागे कुठलीतरी माणसं होती, ज्यांनी हा कॉम्प्युटर, ही शाळा, हे गाव कधी पाहिलेलं नाही. अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, बदल केला तर जुनं ज्याच्याकडे आहे, त्याला कसं कळणार?”

मी फळ्यावर तीन आकडे लिहिले आणि तिसऱ्याभोवती गोल काढला. लायब्ररीचं वय वर्षांत मोजत नाहीत, म्हणालो. जुने दिलेले किती शब्द ती अजून पाळते, तेवढं तिचं वय.

तिनं वहीत लिहून घेतलं : ३:०:१.