धुरावरचं गोश्त

भाटघर धरणावरून जूनचा ओला वारा सुटला की आमच्या घरी एकच काळजी असे, कुर्बानीचं गोश्त वाळवायचं कुठे? १९९१-९२ साली बकरी ईद जूनमध्येच आली होती. फ्रिज नव्हता, ऊनही नव्हतं. तीन हिस्से झाले की अम्मी आपल्या हिश्शाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळून चुलीच्या वर बांधलेल्या तारेवर टांगायच्या. खाली लाकूड परसातल्या पेरूचं किंवा आंब्याचं, तेही वर्षभर वाळलेलं. ओल्या लाकडाचा धूर कडवट लागतो. कडुनिंबाला तर त्या हात लावू देत नसत. जाळ नको, नुसतं धुमसत ठेवायचं. मीठ गोश्तातलं पाणी ओढून घेई, धूर ते खराब होऊ देत नसे. पावसाळाभर डाळीत पडणाऱ्या त्या तुकड्यांसाठी आम्ही भावंडं भांडायचो.

तोच धूर अम्मींच्या छातीत जात होता. वर्गात मुलांना धुराचे तोटे शिकवणाऱ्या आम्हाला ते फार उशिरा कळलं.

आता डॉक्टरांनी त्यांना धूर बंद केलाय. चूल मोडली, खोली वाढवताना पेरूही तोडला. चांद्रवर्षाच्या हिशेबाने ३३ वर्षांनी, २०२४ला, ईद पुन्हा जूनच्या मध्यावर आली. आम्ही मागच्या पडवीत, दार लोटून, पातेल्यातल्या गोश्तावर वाटीत निखारा ठेवला, तुपाचा थेंब सोडला आणि झाकण दाबलं.

अम्मींनी एक घास घेतला.

"बाजारचा कोळसा ना, बेटा?"

"हो, अम्मी."

"कुणाकडून पेरूची फांदी मागून आण. आत्तापासून वाळत टाक."